पाटात धुतलेला सुरा

ग्रीक यवन लाइकोन स्वतःच्या अंगणात पाटाच्या काठी मरून पडला होता. पाटात धुऊन टाकलेला सुरा मिळाला, तो त्याच्या मेहुण्याचा, फ्रादाचा. रात्री जेवताना दोघांची हमरीतुमरी झाली होती. यवन सरदाराला तेवढं पुरलं. संध्याकाळी फ्रादाला सुळावर चढवणार होते.

फ्रादाचा बाप मिथ्रेन अर्तवानकडे धावला. जुन्या इराणी बादशाहीत सूसा शहरातले खून अर्तवानच उकलायचा. सिकंदराने बादशाही बुडवली, पुढे तोही मेला. अर्तवान घरी माशा मारत बसला होता.

"एकुलता मुलगा आहे रे माझा."

"तोंड पूस आणि चल."

रात्री घराचं दार आतून बंद होतं. आत फ्रादा, लाइकोनचा यवन मित्र दीमास, लाइकोनची बायको पार्मी आणि तिचं लहान पोर. पार्मी मिथ्रेनचीच लेक, सिकंदराच्या हुकुमाने यवनाला दिलेली.

फ्रादाला ओसरीवर बांधलं होतं. "सुरा ताटाशी विसरलो. भांडलो नि झोपलो," तो म्हणाला. शिपायाने हात सोडून भाकरी दिली. पाट पायाशी वाहत असूनही फ्रादाने वाडग्यात पाणी मागून घेतलं आणि बाजूला मातीत हात धुतले.

दीमास गच्चीवर पडून होता. "पाय मोडून सडतोय इथे. खाली उतरवायला दोन माणसं लागतात. मला कशाला छळता?"

अंगणात पार्मी पोराचे चिकट हात पाटात बुचकळत होती.

"पोरी, वाहत्या पाण्यात? ते विटाळणं आपल्या इराण्यांत पाप!" मिथ्रेन कळवळला.

"इथे असंच करतात, बाबा. सवय लागली."

अर्तवानने कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. आत लाइकोनचे कपडे आणि पोराचे जोडे होते. "कुठे निघाला होतात?"

"यांच्या देशाला, काका. तिघंही."

अर्तवानने गाठोडं परत बांधलं आणि म्हणाला, "मिथ्रेन, मरण समोर असताना फ्रादा पाण्यात बोट बुडवत नाही. तो त्यात रक्त धुईल?"

"म्हणजे दीमासने!"

"मोडक्या पायाने? पाटात हात घालणारं घरात आणखी कोण आहे? आणि गाठोड्यात पोराचे जोडे आहेत, तुझ्या लेकीची चिंधीही नाही."

मिथ्रेन लेकीशेजारी जाऊन बसला.

"लाइकोन म्हणाला, सिकंदर मेला, आता तुझं काम नाही," पार्मी म्हणाली. "पोर मात्र नेणार होता. दादाचा सुरा हाताशी होता. सकाळी दादाला धरलं, तेव्हा बोलणार होते. पोर सोडवेना."

"पाण्याचं सरदाराला सांगितलं तर तो हसेल," अर्तवान म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकलं तरच मानेल."

मिथ्रेनला लेकीला जा म्हणवेना, थांबही म्हणवेना. तिनेच पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि शिपायांकडे गेली.

संध्याकाळी फ्रादा सुटला; त्याच्या जागी पार्मीला नेलं. सरदाराने आणखी एक हुकूम काढला: यवनाचं मूल यवनांच्या देशात जाईल. दीमासच्या गाडीत सामानाबरोबर पोरही चढवलं.

"मी बोलायलाच नको होतं," अर्तवान म्हणाला.

"मीच तुला बोलावलं होतं," मिथ्रेन म्हणाला, आणि फ्रादाच्या मनगटावरचे वळ चोळत बसला.