उजवीकडची शिकवणी

आईची हिरवी इरकल साडी दोरीवरून उठली आणि गल्लीतून चालू लागली. मी गॅलरीत चहा पीत होते. खाली पाहिलं तर एका दुधाच्या टेम्पोवर बांबू उभा बांधलेला, त्याला साडी अडकलेली, आणि टेम्पो आपल्याच तंद्रीत बावड्याच्या मोठ्या रस्त्याकडं निघालेला. मी अनवाणीच पळाले.

कोपऱ्यावर टेम्पो थांबला. उंच, सावळा मुलगा उतरला आणि वर बघून ओशाळला.

"तुमची हाय?"

"आईची. बांबूला नेसवायची होती काय?"

"न्हाय... उंचीची सवय करत हुतो."

तो पेठ वडगावचा अमरेश. त्याची बहीण रक्षिता ऑस्ट्रियात होती. सप्टेंबरात तो अव्वा-अप्पांना, म्हणजे आई-वडिलांना, तिकडं नेणार होता आणि झोपायची, रांधायची सोय आतच असलेली कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन डोंगर दाखवणार होता.

"ती गाडी धा फूट उंच. माझा टेम्पो सात. सवयीनं कमानीखाली घातली तर छप्पर जाईल की."

मला हसू आवरेना. ऑस्ट्रियातच, साल्झबर्गला, अशाच गाड्या भाड्यानं देणाऱ्या ऑफिसात मी नोकरीला होते, सुट्टीवर घरी आले होते. छपरं फोडून आणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. बांबू बांधणारा हा पहिलाच.

"मग बाकीचं तुम्हीच शिकवा की," तो म्हणाला.

साखर कारखान्याच्या मागं तेव्हा मोकळं मैदान होतं. आता तिथं घरं झालीत... तेव्हा ओलं गवत होतं आणि वाऱ्याबरोबर येणारा मळीचा वास. रोज संध्याकाळी आम्ही तिथं भेटायचो.

"निघण्याआधी गॅस बंद. कपाटांच्या कड्या लावायच्या. बाहेरची पायरी आत घ्यायची."

टेम्पोत यातलं काहीच नव्हतं. तो हवेतच गॅस बंद करायचा, हवेतच कड्या लावायचा.

"छताची खिडकी?"

"ती उघडी ऱ्हाऊ दे. तुम्हाला वारा लागंल."

"उडून जाईल ती. आणि डिझेल भरताना झाकण बघायचं. पाण्याच्या टाकीत डिझेल ओतलेले लोक बघितलेत मी."

"मग ती चहा कसला पीत असतील?"

एकदा त्याची आई, रत्नव्वा, हौसेनं बघायला आली. "गाडी चालू असताना भाकरी टाकाय येतीया न्हवं?"

"न्हाय, अव्वा. सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं."

"मग घर कशाचं ते?"

दिवस भराभर गेले. माझं रविवारचं विमान होतं. मग दोन वर्षं येणं नव्हतं. सप्टेंबरात तो तिकडं आला तरी अव्वा-अप्पांसोबत, चार दिवसांचा पाहुणा. अमरेश आरशांबद्दल विचारी, उताराबद्दल विचारी... पण मला ऐकायचं होतं ते काही विचारीना. आपण होऊन बोलायला माझीही जीभ रेटत नव्हती.

शुक्रवारी भुरभुर होती. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं, हा शेवटचा धडा. दगड मांडून मैदानात फेऱ्या मारल्या. एकदाही चुकला नाही. मग आम्ही फाटकातून बाहेर पडलो आणि तो रस्त्याच्या उजव्याच बाजूला लागला. समोरून बस आली. मी स्टिअरिंगवर हात टाकून गाडी डावीकडं ओढली.

"पावणं, झोप लागली काय?" बसचा ड्रायव्हर ओरडत गेला.

टेम्पो बंद पडला. माझा हात त्याच्या हातावरच राहिला होता.

"तिथं असं केलंत तर? मागं अव्वा बसलेली असणार."

"तिथं न्हाय व्हणार. रक्षितानं म्हैन्यापूर्वीच सगळे व्हिडिओ धाडलेत. गॅस, पायरी, डिझेल... पाठ हाय मला."

"मग रोज कशाला येत होता?"

त्यानं मोकळ्या हातानं काचेवरची वाफ पुसली. "तुम्ही रोज एकेकच गोष्ट शिकवत हुता. म्हटलं, ह्यांनाबी संपवायचं न्हाय वाटतं."

खरंच होतं. ऑफिसात हे सगळं मी एका बैठकीत सांगून मोकळी व्हायचे.

"आणि आज कसे चुकलात?"

"तुम्ही परवा जाणार... तेच डोक्यात हुतं. जाऊ नका असं म्हणायचा हक्क न्हाय मला. पण परत आला की माझ्याकडं या... असं म्हणायचं हुतं."

"मला सांगून झालं. आता माझ्या आईला सांगा."

"आज?"

"मग काय, दोन वर्षांनी?"

त्यानं किल्ली फिरवली. घरापर्यंत इतकी हळू गाडी कुणी चालवली नसेल. आई दारातच होती. त्याचे चिखलाचे पाय बघून म्हणाली, "पाय धुवा, पावणं. चहा घेऊनच बोला काय ते."

तो नळाशी गेला आणि बराच वेळ पाय धूत राहिला. स्वयंपाकघरात आईनं चहाचं आधण ठेवलं.

"साखर किती लागते, विचार गं त्याला."

"अर्धा चमचा," मी म्हणाले.

आईचा हात डब्यातच थांबला. "तुला कसं ठाऊक?"

मी आधणात चहाची पूड टाकली. आईनं फडताळातून नवे कप काढले.