हलका हात

दार चुकलं, एवढंच झालं खरं तर. केक द्यायचा होता पलीकडच्या खोलीत, कुणाच्या तरी निरोप समारंभाला, आणि मी शिरले अलीकडच्या. बघते तर काय, जमिनीवर एक माणूस निपचित, आणि दुसरा त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देतोय! मी अशी काही किंचाळले की केक सुटला तो थेट त्या निपचिताच्या तोंडावर.

"घाबरू नका," वरचा माणूस हसू दाबत म्हणाला. "हे साहेब रबराचे आहेत. रोज मरतात, रोज उठतात. क्रीम मात्र आज पहिल्यांदाच खाल्लं त्यांनी."

खोलीत हशा पिकला. बसचे ड्रायव्हरकाका, दोन शिक्षिका, दातांच्या दवाखान्यातली नर्स... सगळे माझ्याकडेच बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आलाच आहात तर बंद पडलेलं हृदय कसं चालवायचं ते शिकून जा," तो म्हणाला. "की तुमच्या घरी कुणाला हृदयच नाही?"

थट्टाच ती, पण माझ्या काळजात चर्र झालं. घरी बाबा होते, आणि बाबांशिवाय कुणीच नव्हतं. त्यांना एक झटका येऊन गेलेला. दुसरा आला तर मी काय करणार होते? दुसरा केक करून पोचता केला, आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने त्याच्या वर्गात जाऊन बसले.

तो ॲम्ब्युलन्सवर होता, सुटीच्या दिवशी शिकवायचा. आणि काय शिकवायचा! ड्रायव्हरकाका पुन्हा पुन्हा चुकायचे, पण याच्या कपाळाला आठी म्हणून नाही. कुणी कितीही वेड्यासारखं विचारलं तरी हा म्हणणार, "बरं झालं विचारलंत." खरंच सांगते, असा माणूस मी पाहिला नव्हता.

घोडं अडलं ते माझंच. केकवर क्रीमची फुलं काढून काढून हात इतका हलका झालेला... पुतळ्यावर ठेवला की जोरच लागेना.

"अहो, साहेबांना सजवताय की वाचवताय?"

"दुखेल ना त्यांना..."

"दुखू दे की. दुखायलासुद्धा माणूस जिवंत लागतो." तो समोर गुडघ्यांवर बसला. "कोपर ताठ. सगळा भार टाका, मग छाती पूर्ण वर येऊ द्या. आणि... इकडे नाही, साहेबांकडे बघा."

"साहेब काही इतके बघण्यासारखे नाहीत," मी म्हणाले. बोलून गेले, आणि मग जीभ चावली. त्याचे कान लालबुंद झाले. ड्रायव्हरकाका उगाचच खोकले.

मग एका सकाळी बाबा पेपर वाचता वाचता खुर्चीतून घसरले. हाक मारली, तर ओ नाही. श्वास नाही. शेजारच्या काकूंना ओरडून फोन करायला लावला आणि मी गुडघ्यांवर बसले. पहिला दाब हलकाच पडला. हाताखाली माझे बाबा होते हो! दात-ओठ खाऊन सगळा भार टाकला. रडत होते, दाबत होते. हात भरून आले, तरी थांबले नाही.

ॲम्ब्युलन्स आली, आणि दारात तोच! त्याने मला बाजूला ढकललं नाही. समोर बसला, क्षणभर माझे हात बघितले.

"छान चाललंय. आता मी घेतो."

मी हात उचलले आणि त्याचे पडले, मध्ये खंड नाही. त्याच्या जोडीदाराने यंत्र लावलं, शॉक दिला. थोड्या वेळाने बाबांची नाडी लागली. मी तिथेच भिंतीला टेकून हुंदके देत बसले.

दोन दिवसांनी वॉर्डात बाबा नीट बोलायला लागले. तो भेटायला आला, तर बाबांनी हात जोडले. "तुमच्यामुळे वाचलो."

"माझ्यामुळे कसले, काका? मी पोचेपर्यंत तुम्हाला यांनीच धरून ठेवलं होतं." माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "इतकी वर्षं हे काम करतोय. पण त्या दिवशी तुम्हाला बघितलं, आणि..."

"आणि काय?"

"आणि... काही नाही."

बाबांचे डोळे मिटलेले होते. मी धीर केला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. आता बोला, आणि काय?"

एवढ्या माणसांना श्वास देणारा माणूस, स्वतःचा घ्यायला विसरला.

"हो म्हणून टाका हो," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "मला झोपायचंय."