खिळ्यावरची टोपी

द्राक्षांचा चोथा भट्टीवर चढला की रकियाची, म्हणजे घरच्या दारूची, पहिली धार पडेपर्यंत कुणी उठत नाही. त्या रात्री त्सान्को काकांच्या भट्टीपाशी चार-पाच पोरं बसली होती. काकांनी गोष्ट काढताच एकानं टोमणा मारला, की काका, तुमच्या भुतांच्या तोंडाला नेहमी रकियाचाच वास कसा येतो? सगळे हसले. काका हसले नाहीत.

"ही गोष्ट व्हेलिच्कोच्या बाबतीत घडलेली आहे," ते म्हणाले. "पावाची गाडी चालवतो, तो. थेंबाला शिवत नाही. जाऊन विचारा त्याला."

मग जळती लाकडं आत सारून ते सांगू लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. मृतांच्या शनिवारची आदली रात्र, शुक्रवार. नोव्हेंबरात साडेपाचलाच काळोख पडतो. व्हेलिच्कोच्या आईनं मेलेल्या लेकीच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं तयार केलं होतं. वर पिठीसाखरेचा थर, नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत. फडकं घालून तिनं घट्ट गाठ मारली आणि सांगितलं, हे चर्चमध्ये पोचव, आणि वाटेत इस्क्राला इस्पितळात दाखवून घे.

इस्क्रा म्हणजे त्याची भाची, सोळा वर्षांची. तिची आई नेवेना, व्हेलिच्कोची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी डॅन्यूबमध्ये बुडाली. नेवेना बोलता बोलता मध्येच थांबायची. डोळे उघडे, पण आत माणूस नाही. क्षणभरानं परत यायची. इस्पितळानं तिला वेडी ठरवलं. हिच्या कानात आवाज येतात म्हणे. औषधं सुरू झाली तसं ते थांबणं वाढतच गेलं. एक दिवस नदीच्या धक्क्यावर उभ्या उभ्या ती थांबली, आणि तोल जाऊन पाण्यात पडली. गाव म्हणालं, वेडीनं जीव दिला.

आता इस्क्रा थांबायला लागली होती.

डॉक्टर लेचेव दोघींचाही डॉक्टर. उमेदीची सगळी वर्षं व्हिएन्नात काढून परत आलेला. तळघरातल्या खोलीत नर्सनं इस्क्राच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, हनुवटीखाली पट्टा बांधला. पडद्यावर तिच्या मेंदूच्या लाटा धावू लागल्या. डोळे मीट म्हटलं की संथ, एकसारख्या लाटा यायच्या. उघड म्हटलं की विरून जायच्या. मध्येच पोरीची नजर थिजली. पडदाभर एक टोक, मागोमाग एक टेकडी, पुन्हा टोक, पुन्हा टेकडी... मग सगळं पहिल्यासारखं.

व्हेलिच्कोनं विचारलं, हे काय होतं? डॉक्टर म्हणाला, काही नाही, पोरीनं डोकं हलवलं. तिच्या आईचंही हेच यायचं. धड बसायची नाही कधी.

नर्सनं टोपी उतरवली, खिळ्याला टांगली आणि ती घरी गेली. डॉक्टरनं इस्क्राला विचारलं, "कानात आवाज येतात का?"

इस्क्रानं हनुवटी वर उचलली आणि खाली आणली.

डॉक्टरनं औषधाचं नाव लिहायला घेतलं. तेच, आईला दिलेलं. उद्यापासून सुरू करायचं होतं.

"थांबा," व्हेलिच्को म्हणाला. "ती नाही म्हणाली."

"हो म्हणाली. माझ्यासमोर मान हलवलीय तिनं."

"मान वर गेली, डॉक्टर. आडवी हलली की हो, वर गेली की नाही. पाळण्यातल्या पोरालाही कळतं आपल्याकडे. तेवढंसुद्धा व्हिएन्नात सांडून आलात?"

डॉक्टरचं पेन थांबलं. ते थांबलेलं पेन व्हेलिच्कोनं पाहिलं. त्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"माझ्या बहिणीला हे विचारलंत, तेव्हा ती तोंडानं बोलली होती? की नुसती मान हलवली होती?"





"आता आठवत नाही. आणि तिच्या लाटाही धड नव्हत्या. सारखी डोकं..."

इस्क्रानं बाही ओढली. "मामा."

यंत्र बंद करायचं राहिलं होतं. पडद्यावर रिकाम्या टोपीच्या रेघा चालल्या होत्या. सपाट.

मग सपाट राहिल्या नाहीत.

संथ लाटा आल्या. एकसारख्या. कुणीतरी डोळे मिटावेत तशा.

आणि मग एक टोक. एक टेकडी. एक टोक. एक टेकडी...

व्हेलिच्कोचा आवाज अगदी खाली आला. "आता कुणाचं डोकं हललं, डॉक्टर?"

दिव्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. डॉक्टरचे ओठ हलले. सवयीनं हलले की भीतीनं, कोण जाणे.

"आवाज... येतात?"

टोपी खिळ्याला होती. पट्टा लोंबत होता. हलत नव्हता.

तो वर गेला. सावकाश.

खाली आला.

टोपीकडून आवाज आला, "च्यक्."

त्सान्को काका इथं थांबले. त्यांनी आगीत थुंकून टाकलं. डॉक्टरनं तो कागद फाडला, ते म्हणाले. पोरीला राजधानीत धाडलं, फेफऱ्याच्या डॉक्टरकडे. गोळी बदलली, आज ती शाळेत जाते. पण तिच्या आईला वेडी म्हणणारी तोंडं फाडता येत नाहीत. तुमच्यातलीही दोन तोंडं होती त्यात, मला माहीत आहे.

पोरांनी माना खाली घातल्या.

काका पुढं सांगू लागले. त्या शुक्रवारी रात्री डॉक्टर व्हेलिच्कोच्या गाडीपर्यंत आला. पातेलं बघून त्यानं ओंजळ पुढं केली. मृताचा गहू हातावर घ्यायचा, आणि देव त्याला क्षमा करो म्हणायचं, ही आपली रीत. तो म्हणाला, "देव तिला क्षमा करो."

"तिला?" व्हेलिच्को म्हणाला. "तिला कशाची?"

डॉक्टरची ओंजळ तशीच राहिली. गव्हासाठी पसरलेला हात रिकामा पाठवू नये, असं आई सांगत आलेली. दात आवळून व्हेलिच्कोनं गाठ सोडायला घेतली. आईची गाठ. सुटता सुटेना. शेवटी सुटली. त्यानं फडकं उचललं.

साखरेवर बोटानं ओढलेली एक रेघ होती. या काठापासून त्या काठापर्यंत.

एक टोक. एक टेकडी. एक टोक. एक टेकडी...