डीसारखा दिसणारा अ

देवव्रतला आपल्या कामाचा गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. फ्लॅट बुशच्या घरून मोटरवेवर रखडत अवोन्डेलच्या ऑफिसात पोचला, की कॉफी संपायच्या आत सलोनीला चार गोष्टी शिकवून मोकळा व्हायचा. सलोनी नाशिकची. शिकायला परदेशात आली, इथलीच झाली आणि आता त्याच्या हाताखाली होती.

"दिसण्यावर जाऊ नकोस. हे अक्षर इंग्रजी डीसारखं दिसतं, पण चेरोकीत तो 'अ' आहे. कॉम्प्युटरला आकार कळत नाही, नंबर कळतो. डीचा नंबर वेगळा, याचा वेगळा."

अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या मुलांसाठी गोष्टींचं अ‍ॅप बनत होतं. त्यांच्या लिपीतली अक्षरं पडद्यावर उमटवायची आणि अ‍ॅपकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, हे देवव्रतचं काम. आधी जिथे नुसते रिकामे चौकोन यायचे, तिथे त्यानं ठसठशीत अक्षरं आणली होती. वाचनाचा आवाज ओक्लाहोमातल्या एका शिक्षिकाबाईंचा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावावर राबल्यावर शेवटच्या पानावर पहिल्यांदाच त्याचं नाव येणार होतं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ते पान बायकोला, नीलांबरीला, दाखवायचं त्यानं केव्हाच कबूल केलं होतं.

सोमवारी सलोनी म्हणाली, "देवव्रतदादा, तुमचं नाव सर्चमध्ये येत नाहीये. समोर दिसतंय, पण सापडत नाही."

त्यानं नंबर तपासले. नावातला डी हा डी नव्हताच, चेरोकी 'अ' होता.

"कुठून कॉपी-पेस्ट केलंस?"

"मी त्या पानाला हातच लावला नाहीये."

त्यानं डी पुन्हा टाइप केला. दुसऱ्या दिवशी डी गेलेला होताच, शिवाय ईच्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं 'गं' होतं. मग व्ही गेला, मग ए. आपल्या नावातल्या प्रत्येक अक्षराला त्या लिपीत जुळं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि भीती वाटायच्या आधी त्याला चक्क बरं वाटलं.

"तुझ्या नावाला जमणार नाही," तो सलोनीला म्हणाला. "त्यांच्यात एनसारखं काही नाही."

ती हसली नाही.

गुरुवारी ऑफिसच्या दारानं त्याचं कार्ड घेतलं नाही. "किया ओरा," असा इथला नमस्कार करत रिसेप्शनच्या बाईंनी यादी उघडली. "नाव दिसतंय, पण सिस्टिमला मिळत नाही." बोलताना त्या त्याच्याकडे नाही, यादीकडे बघत होत्या; तशाच बघत त्यांनी दार उघडायचं बटण दाबलं. कुणाची मदत मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं पान पुसून नव्यानं टाइप केलं, एकेक नंबर पडताळला आणि ओक्लाहोमाला पाठवून दिलं. निघताना त्यानं सलोनीला हाक मारली. तिनं मान वर केली नाही.

घरी पोचला तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. किचनमध्ये भांडी वाजत होती.

"नीलांबरी, ये, बघ."

भांडी वाजतच राहिली.

त्यानं टेबलावर लॅपटॉप उघडला आणि शेवटचं पान काढलं. नाव दिमाखात झळकत होतं. सगळं नीट असल्याची खात्री करावी म्हणून त्यानं वाचनाचं बटण दाबलं.

"अगं," लॅपटॉप म्हणाला.

नावातली पहिली दोन अक्षरं, पुन्हा चेरोकी झालेली.

आवाज शिक्षिकाबाईंचा नव्हता. देवव्रतचा होता.

"आले, आले," किचनमधून नीलांबरी म्हणाली.

"अगं, मी इथे आहे," देवव्रत म्हणाला.

ती ट्रे घेऊन, त्याच्याकडे न बघता, त्याच्या शेजारून पुढे गेली. खुर्ची ओढून बसली. पडद्यावरच्या नावावरून तिनं हलकेच बोट फिरवलं.

"किती छान दिसतंय रे," ती पडद्याला म्हणाली. "अभिमान वाटतो तुझा."

तिनं चहाचे दोन कप आणले होते. एक आपल्यापुढे घेतला, दुसरा लॅपटॉपसमोर ठेवला.