आर्णीचं ऊन आणि चॅपलचा पत्रा

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. आणि चूक पूर्णपणे त्याची होती.

मे महिना होता. अब्बांच्या पत्र्याच्या दुकानात मी नवा कूलर चालवून पाहत होते. आर्णीत कूलर, धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, सगळं आमच्याकडेच बनायचं. अब्बांची नजर अधू झाल्यापासून माप माझं, कात्री माझी, हातोडाही माझाच. तेवढ्यात एकजण सावली शोधत आत शिरला. काखेत नकाशांची गुंडाळी.

“पाणी मिळेल?”

मी माठाकडे बोट दाखवलं. तो पाणी पीत असताना कूलरच्या वाऱ्यानं त्याचा एक कागद उडून माझ्या पायाशी आला. मी तो उचलला, पाहिला... आणि माझं डोकंच फिरलं.

गावाबाहेर मिशनवाल्यांचं नवं विद्यापीठ बांधणं चालू होतं. त्यातल्या चॅपलचा, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या इमारतीचा तो नकाशा. भिंती, छप्पर, सगळं जस्ताच्या पत्र्यानं मढवलेलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण ते सांधे!

“हा कोन्या शहाण्यानं काढला?”

“मीच तो शहाणा,” तो हसला. “जीशान. पुसदचा. आर्किटेक्ट आहे.”

“मंग पुसदले ऊन पडत नाई काय? सहा मीटरचा पत्रा दोन्हीकून आवळून टाकला! तापल्यावर तो जाईन कुठं?”

“अहो, शंभर वर्षं टिकणारा धातू आहे...”

“धातू टिकन. तुमचं काम नाई टिकत.”

त्याचं हसू मावळलं. मी एक लांब पट्टी फळीवर दोन्ही टोकांना पक्की ठोकली आणि बाहेर उन्हात ठेवली. “बसा इथंच.”

तासाभरात पट्टी मधून दोन बोटं फुगून वर आली. तो पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे... त्याहून जास्त वेळ.

“काय करावं?”

“सांध्यातली खिळ्याची भोकं गोल नाई, लांबट पाडा. पत्र्याले सरकू द्या.”

त्यानंतर तो रोज येऊ लागला.

“आज काय नाई समजलं?”

“वळचणीचा कोपरा.”

“काल तं समजला होता!”

“काल मी कोपऱ्याकडे पाहत नव्हतो...”

हातोडा सरळ माझ्या अंगठ्यावर बसला. त्याचाही राग त्याच्यावरच काढला.

जूनमध्ये विद्यापीठाच्या ट्रस्टच्या कमिटीपुढे सांध्याचा नमुना दाखवायचा होता. रात्रंदिवस खपून मी तो केला आणि स्वतः घेऊन गेले. अध्यक्षांनी सांधा सरकवून पाहिला. खूश झाले. “ही युक्ती कोणाची?”

जीशाननं माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“आमच्या टीमची, सर.”

“छान! अन् ही पोरगी सामान घेऊन आली काय? बस म्हणा बाहेर.”

“हा सांधा माह्या हातचा हाय, साहेब,” मी म्हणाले. “टीम-बीम कोनी नाई.” आणि निघाले.

तो धावत मागे आला. “कमरुन, ऐका... पत्र्याच्या दुकानातून आलेली कल्पना म्हटलं असतं, तर त्यांनी फेकून दिली असती!”

“मंग फेकू द्याची होती! तुमाले लाज कायची वाटली? माही, का दुकानाची?”

उत्तर ऐकायला मी थांबले नाही.

आठ दिवस तो फिरकला नाही. मी कात्रीवर चिडले, गिऱ्हाइकांवर चिडले, आणि सारखी रस्त्याकडे पाहते म्हणून स्वतःवर तर फारच चिडले.

नवव्या दिवशी बांधकामावरचे मुकादम प्रेमसिंगभाऊ नवा नकाशा घेऊन आले. “काय पोट्टं हाय! कमिटीपुढं उभं राहून म्हने, मी खोटं बोललो. पत्र्याचं काम त्या पोरीलेच द्या, नाई तं माहे नकाशे वापस द्या. दोन घंटे भांडला.”

नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : ‘सांध्यांची रचना - कमरुन्निसा गफ्फार शेख.’

“कुठं हाय तो?”

“बाहेर. अंदर याले भेते.”

मी बाहेर गेले. भर उन्हात उभा होता, वेड्यासारखा.

“लाज तुमची नव्हती वाटली,” तो म्हणाला. “मला जमलं नव्हतं, हे चारचौघांत सांगायची भीती वाटली. चुकलो.”

“अन् आता काहून घाबरून राह्यले?”

“आता... दुसरंच सांगायचंय.” त्यानं घाम पुसला. “तुम्ही मला आवडता. फार.”

“मी रागात हाय, दिसून नाई राह्यलं?”

“दिसतंय ना.”

“अन् हे आत्ताच सांगाचं होतं?”

“राग उतरायची वाट पाहिली असती, तर म्हातारा झालो असतो!”

हसायचं नव्हतं मला. ओठ घट्ट मिटून पाहिले, पण जमलं नाही.

“शुक्रवारी अब्बा घरी असतात,” मी म्हणाले. “तुह्या अम्मीले घेऊन ये, मागणी घालाले.”

त्यानं हळूच विचारलं, “आणि राग?”

“तो हाय तसाच हाय. तुले काय वाटलं, एका नकाशानं जाईन?”