आंबा घाटातली मऊ गाडी

गादीसारख्या मऊ गाडीत बसलेल्या माणसाला मळमळतं आणि कडक गाडीतली माणसं मात्र हसतखेळत घाट उतरतात, हे कसं काय? दहा वर्षांच्या किमयाला हे कोडं पडलं ते नेमकं नको त्या दिवशी. जरा आधी पडलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला आजही वाटतं.

तिचे आजोबा, म्हणजे आबा, कोल्हापूरचे. मोटारींच्या स्प्रिंगांवर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेलेला. माणूस सडेतोड. चूक दिसली की तोंडावर सांगणार, मग समोर कारखान्याचा मालक का असेना! त्यांची धाकटी बहीण अस्मिता चंद्रावरच्या वस्तीत भाजीपाला पिकवायला निघाली होती. दहा-बारा वर्षं तरी ती परतणार नव्हती, आणि आबांची तर पंचाहत्तरी जवळ आली होती.

घरातलं कुणी लांब निघालं की हातावर दही ठेवायचं, ही आपली रीत. अस्मिताच्या हातावर ते नेहमी आबांनीच ठेवलं होतं. परीक्षेला निघाली तेव्हा, नोकरीसाठी दिल्लीला गेली तेव्हाही. आज त्यासाठीच त्यांना रत्नागिरीजवळच्या उड्डाणकेंद्रावर पोचायचं होतं. चार वाजता अंतराळवीरांना जंतुविरहित कक्षात (बाहेरचा एकही जंतू शिरू नये अशा बंद खोलीत) नेणार होते. मग भेट नाही.

गाडी मागवायचं काम किमयाकडे होतं. स्वतःच चालणाऱ्या दोन गाड्या मोकळ्या होत्या. एक ठेंगणी, चपळ स्पोर्ट सेडान, दुसरी उंच, ऐसपैस, आलिशान. आबांची कंबर धरते म्हणून किमयानं आलिशान गाडी मागवली आणि त्यांना सांगितलंच नाही. गंमत करायची होती ना! दारात गाडी पाहून आबांनी तोंड उघडलं, मग किमयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झकास आहे की." दह्याचा डबा मांडीवर घेऊन ते आत बसले.

सपाट रस्त्यावर गाडी खरोखर झकास होती. खड्डा आला कधी आणि गेला कधी, कळतसुद्धा नव्हतं. पण आंबा घाट लागला आणि सगळं बिनसलं. डावं वळण आलं की गाडी उजवीकडे कलायची. उजवं आलं की डावीकडे. सरळ झाली तरी डुलतच राहायची. पाचव्या-सहाव्या वळणावर आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "प्रवाशाची प्रकृती बिघडली आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली, "नाडी स्थिर होईपर्यंत मी थांबते." आणि ती कडेला थांबलीच. किमयानं विनवण्या केल्या, पण यंत्र ते यंत्रच, ते काय ऐकतंय!

आबा कठड्यावर टेकले. तेवढ्यात एक स्पोर्ट सेडान जवळजवळ न कलता वळण घेऊन गेली. आत मुलं हसत होती. किमयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, आपली गाडी इतकी मऊ, तरी तुम्हालाच कसा त्रास झाला?"

"मऊ आहे म्हणूनच झाला, बाळा. गाडी वळली तरी तिचं धड सरळच जायला बघतं. याला म्हणायचं जडत्व, म्हणजे चाललंय तसंच चालू ठेवायची वस्तूची खोड. मग ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतं. आता असं बघ, तू गादीवर उभी आहेस आणि मी तुला बाजूनं ढकललं, तर?"

"पाय रुतेल आणि मी कलंडेन."

"आणि फरशीवर?"

"तितकी नाही कलणार."

"मऊ स्प्रिंगा म्हणजे गादी. बाहेरच्या बाजूच्या दबतात, आतल्या ताणल्या जातात. सेडानच्या स्प्रिंगा कडक असतात. शिवाय डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो, तो एका बाजूला फार कलू देत नाही. बरं, ढकलायच्या आधी तू मांडी घालून बसलीस तर?"

"मग तर मुळीच पडणार नाही!"

"कारण तुझा गुरुत्वमध्य खाली आला. सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं, तो बिंदू. सेडान ठेंगणी, तिचा तो बिंदू खाली. बाजूचा रेटा तिच्यातही तेवढाच लागतो हं, वेग नि वळण तेच असलं की. पण ती कमी कलते आणि डुलत बसत नाही. खड्ड्यात मात्र तीच गाडी कंबरडं मोडते. ज्याचं काम त्यानं करावं."

किमयाला सगळं कळलं, पण घड्याळ काही कुणासाठी थांबत नाही. ते पोचले तेव्हा फाटक बंद झालं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर अस्मिताआजी दिसली. "दादा, किती वाट बघितली रे!" ती म्हणाली.

"वाटेत जरा उशीर झाला," एवढंच आबा म्हणाले. डबा त्यांच्या हातात तसाच होता. आजीनं पलीकडून रिकामा तळहात पडद्यापुढे धरला. आबांनीही आपला हात पुढे केला, पण मध्ये पडद्याची काच होती.

पडदा काळा झाल्यावर किमयाला हुंदका फुटला. "माझ्यामुळे झालं. गाडी मी ठरवली."

"मला तर दारातच कळलं होतं," आबा हळूच म्हणाले. "जन्मभर हेच शिकलो की. पण म्हटलं, पोरीचं तोंड उतरेल."

किमयानं नाक पुसलं. "उतरलं असतं, आबा. पण तुम्ही दही ठेवलं असतं."

आबांनी तिला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यान आभाळात गेलं, तेव्हा दोघांपैकी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर किमया चित्र काढत बसली. सपाट रस्त्यावर मऊ राहणारी आणि पुढचं वळण पाहून आपणहून कडक होणारी गाडी. चंद्रावर रस्तेच नाहीत, पण अस्मिताआजीसाठी तिथंही ती चालायला हवी होती. चित्र घेऊन ती आबांसमोर उभी राहिली. आबांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, मग तिच्या आशेनं भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"चुकलंय," ते म्हणाले.

किमयाचं तोंड उतरलं. पण तिनं स्टूल ओढलं, त्यांच्याशेजारी बसली आणि पेन्सिल पुढे केली.

"कुठं ते सांगा."