दहाला गाडी काढतो

बसा रे, उभे काय राहता? गाडी चार्ज व्हायला अजून पाऊण तास आहे आणि तुम्ही मघापासून त्या चार नंबरच्या चार्जरला शिव्या घालताय. घाला, मीही घालतो. पण लाथ मारू नका. का, ते सांगतो. तीस वर्षं मी या हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन आहे, भुताखेतांचा मला नाद नाही. हे घडलं ते आपल्या सायरनच्या बाबतीत.

सायरन म्हणजे तुमच्या आधीचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर. आवाज असा की गाडीचा भोंगा बंद पडला तरी अडायचं नाही, म्हणून ते नाव.

त्या वर्षी आपल्या साहेबांनी चार्जिंग कंपनीशी करार केला. फीत कापली, फोटो काढले, चार चार्जर बसवले. त्यातले तीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आले आणि तसेच राहिले. मी सात पत्रं लिहिली. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत." सूचना कसली, बोंब मारत होतो मी! चालू होता तो फक्त चार नंबर. आपली विजेवरची अँब्युलन्स त्यावरच, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्याही त्यावरच.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री आठला सायरन एका आजोबांना घरी सोडून परत आला. बॅटरी नऊ टक्के. बघतो तर चार नंबरवर एक पांढरी गाडी लावलेली. मालक शेजारीच उभा होता. पन्नाशीचा, चष्मेवाला, घाईत शर्टाची बटणं वरखाली लावलेला.

"काढा गाडी. ही जागा अँब्युलन्सची आहे."

"दादा, बायकोला आत नेलंय, ऑपरेशन आहे. माझी बॅटरी पार संपली होती हो. दहापर्यंत द्या. दहाला मी स्वतः गाडी काढतो, केबल तुमच्या हातात देतो."

"सगळे असंच म्हणतात आणि वर जाऊन झोपतात."

"मी शब्द देतो तुम्हाला."

सायरनने एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहिला, खाली "१० वाजता" असं लिहिलं आणि ती त्याच्या हातात कोंबली. त्या गृहस्थांनी तिच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि ते आत गेले.

दहा वाजले. साडेदहा झाले. माणसाचा पत्ता नाही, फोन नाही. सायरनने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी गाणं. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, गाडीचं कुलूप उघडल्याशिवाय केबल सुटत नाही. कृपया ग्राहकाला विनंती करा." त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही त्यात दोन शब्द घातले, खोटं कशाला बोलू.

सव्वाअकराला सिस्टर खाली आली. "ओरडू नका," म्हणाली. "ते गृहस्थ नऊलाच गेले. ऑपरेशन थिएटरबाहेर, बाकावर बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं."

सायरन मटकन पायरीवर बसला.

"आणि गाडीची किल्ली?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली, पण विचारलं.

किल्ली त्यांच्या सामानाबरोबर पिशवीत सील झाली होती. घरच्यांची सही झाल्याशिवाय ती उघडायची नाही, असा नियम. पिशवी कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी आणि साहेबांचा फोन बंद. बायको शुद्धीवर नाही, मुलगी परगावाहून निघालेली. आपलं हॉस्पिटल असं आहे, बाबांनो. इथे माणूस पटकन जातो, पण कपाट उघडत नाही.

एक चाळीसला फोन आला. खाणीजवळच्या वस्तीत एक बाई बाळंतपणात अडली होती, रक्त थांबत नव्हतं. डिझेलची गाडी दुसरा पेशंट घेऊन लांब गेलेली, पहाटेशिवाय येणार नव्हती. वस्ती बावीस किलोमीटर. तेवढंच परत. आणि आमच्याकडे नऊ टक्के.

"काका, मेन पाडा," सायरन म्हणाला. "बघू, सुटते का." मी पॅनेल रूमकडे धावलो आणि पार्किंगचा मेन स्विच पाडला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सायरनने सांगितलं तसं सांगतो.

पार्किंगचे दिवे गेले. केबल काही सुटली नाही. त्याने जॅकचा दांडा काढला. त्या बाईचा नवरा फोनवर रडला होता, ते त्याच्या कानात घुमत होतं. फोडायची गाडीची काच, आतून कुलूप उघडायचं, बघू काय होतं ते. दांडा उचलला...

आणि थांबला.

पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लुकलुकले. दोनदा.

खट्.

कुलूप उघडलं.

"कोण आहे?"

...

पावलं नाहीत. श्वास नाही. नुसती केबल हलली. हळूच बाहेर आली, माणूस सांभाळून काढतो तशी. वर उचलली गेली. त्याच्याकडे आली. कमरेच्या उंचीवर...

थांबली.

सायरनने हात पुढे केला.

केबल हातात आली. पलीकडून कुणीतरी धरलेली होती. मग नव्हती.

हसू नकोस रे. कुलूप आपोआप उघडू शकतं, मलाही कळतं. केबल आपोआप उचलली जात नाही.

पॅनेल रूममध्ये मला सायरनचा फोन आला. एवढंच ऐकू आलं, "चालू करा..." इतकं हळू, की दुसराच कुणी बोलतोय असं वाटलं. सायरनला हळू बोलता येतं हे मला त्या रात्री कळलं. मी मेन चालू केला. पॅनेल रूमच्या घड्याळात बरोबर दोन वाजले होते.

वीस मिनिटं चार्ज करून तो निघाला. बाई वाचली. मुलगी झाली, आता चांगली पळते.

सकाळी साहेब आले. आल्या आल्या मेन का पाडला म्हणून माझ्याकडेच लेखी खुलासा मागितला. मग कपाट उघडलं. गेलेल्या गृहस्थांची मुलगी समोर बसलेली, मी साक्षीदार. पिशवीचं सील शाबूत होतं, मी स्वतः बघितलं. यादी वाचायला लागले. चष्मा, आहे. फोन, आहे. गाडीची किल्ली, आहे. पाकीट, आहे. घडी घातलेली चिठ्ठी, एक.

चिठ्ठी नव्हती.

साहेब सिस्टरवर ओरडायला लागले. सायरन दारात उभा होता. पुढे आला, खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. रात्री केबल हातात आली तेव्हा ही चिठ्ठी केबलच्या मुठीला गुंडाळलेली होती.

चार घड्या. नंबर त्याचाच, अक्षर त्याचंच. खाली "१० वाजता". पण दहावर काट मारलेली... आणि वर दोनचा आकडा.

मुलीने चिठ्ठी उचलली. दोनच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"दोनला एवढी लांब शेपटी," ती म्हणाली, "बाबाच काढतात."